गाठीचं भाकीत, मानेचा निर्णय

गालाच्या आतल्या बाजूला, खालच्या दाढेलगत, दोन सेंटिमीटरची जखम आहे. बायोप्सीत कॅन्सर निघालाय. सर्जनने मान चाचपली, सोनोग्राफी झाली. कुठे काही लागत नाही, दिसत नाही. तोंडातली गाठ काढायची हे ठरलेलंच आहे. अडतं ते मानेपाशी. तोंडाचा कॅन्सर जागेवरून सुटला की बहुधा आधी मानेतल्या लसिकाग्रंथींत जाऊन बसतो, आणि तिथे पोचलेल्या थोड्याशा पेशी बोटांना कळत नाहीत, स्कॅनलाही कळत नाहीत. मग तोंडाबरोबर मानही आजच उघडायची आणि त्या ग्रंथी काढून टाकायच्या, की ठरावीक दिवसांनी तपासत राहायचं आणि गाठ आलीच तर तेव्हा दुसरं ऑपरेशन करायचं?

या प्रश्नावर जगभरच्या सर्जनांत कित्येक दशकं दोन तट होते. निकाल लागला तो परळमध्ये. टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटले. एका गटाची मान लगेच उघडली, दुसऱ्या गटात गाठ दिसेपर्यंत थांबले. 2015 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 500 रुग्णांचा हिशेब छापून आला. मान लगेच उघडलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के. एवढा फरक एखाद्या नव्या औषधाने दाखवला असता तर पहिल्या पानावर त्याच्या बातम्या झाल्या असत्या. तेव्हापासून उत्तर सोपं आहे: मान उघडा.

पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कमी लोक बघतात. ज्यांची मान लगेच उघडली त्यांच्यातल्या साधारण 30 टक्क्यांच्याच ग्रंथींत कॅन्सर सापडला. म्हणजे शंभरातल्या उरलेल्या 70 जणांना त्या ऑपरेशनचा काही उपयोग नव्हता. खांदा उचलणारी एक नस मानेतून जाते. ती वाचवली तरी दुखावते, आणि मग खांदा उतरतो, हात डोक्याच्या वर जायला कुरकुरतो. पोतं उचलणाऱ्या हमालाला किंवा फळीवरचा डबा काढणाऱ्या बाईला हा तपशील बारीक वाटणार नाही. हे 70 जण कोण, हे आधी सांगता आलं तर?

तोंड, घसा, स्वरयंत्र यांच्या कॅन्सरमध्ये जनुकांवरून भविष्य सांगण्याचा जो खटाटोप गेली पंचवीसेक वर्षं चाललाय, त्याची खरी जागा मला इथे दिसते, एका नेमक्या निर्णयाच्या तोंडाशी. दुर्दैवाने त्यातला बराचसा खटाटोप दुसरीकडेच खर्ची पडला. ‘हा रुग्ण जगेल की मरेल’ असा मोठा, ढोबळ आणि हातात काही न देणारा प्रश्न विचारला गेला. माझी तक्रार तंत्राबद्दल नाही, त्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी तंत्र. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो, प्रथिनं बनवणारी सुमारे वीस हजार जनुकं. फरक असतो तो कुठलं जनुक किती जोरात चालू आहे यात. चालू असलेल्या जनुकाच्या आरएनए नकला पेशीत तयार होत राहतात. त्या मोजल्या की गाठ शरीराबाहेर काढली त्या घटकेला काय उद्योग करत होती, याचा अंदाज येतो. हेच जीन एक्स्प्रेशन. जनुकातला कायमचा बिघाड, ज्याला म्युटेशन म्हणतात, ती निराळी गोष्ट. बिघाड एकदा झाला की राहतो. एक्स्प्रेशन तासागणिक हलतं. गाठ काढल्यावर ती फॉर्मलिनमध्ये पडायला किती वेळ लागला, यानेसुद्धा आकडे बदलतात, कारण आरएनए फार नाशवंत. ऑपरेशन थिएटरमधल्या वॉर्डबॉयने डबा लॅबमध्ये लगेच नेला की जेवून आल्यावर नेला, हे संगणकाला माहीत नसतं. आकड्यांना मात्र माहीत असतं.

2005 साली नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या संशोधकांनी ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये नेमका हा मानेचा प्रश्न घेतला. तोंड आणि घशाच्या 82 गाठींतल्या आरएनएवरून त्यांनी शंभराच्या वर जनुकांची एक यादी बनवली आणि ती 22 नव्या गाठींवर तपासली. डॉक्टरांच्या तपासणीपेक्षा ही यादी मानेतला कॅन्सर चांगला ओळखत होती. 2012 साली नेदरलँड्समधल्या वेगवेगळ्या केंद्रांतल्या 222 रुग्णांवर तिची पुन्हा परीक्षा झाली. लवकरच्या अवस्थेतल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये, मान स्वच्छ वाटत असताना, यादीनेही ‘स्वच्छ’ म्हटलं तर ते 89 टक्के वेळा खरं ठरत होतं. नजरेतून सुटणाऱ्या मानेतल्या गाठींचं प्रमाण 28 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर येऊ शकेल, असा त्यांचा हिशेब होता. प्रश्न योग्य, पद्धत प्रामाणिक, निकाल आशादायक. आणि तरीही ही चाचणी कुठल्या ओपीडीत रोजच्या वापरात आली नाही.

का आली नाही हे समजून घ्यायला शेजारच्या स्तनाच्या कॅन्सरकडे बघावं लागतं. तिथे 2002 साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी 78 गाठींवरून 70 जनुकांची यादी काढली. आकडा युट्रेख्टच्याच तोडीचा. पण नंतर ती यादी गोठवली गेली, तिची ‘मॅमाप्रिंट’ नावाची चाचणी झाली आणि ‘माइंडॅक्ट’ या चाचणीत 6,693 स्त्रिया सहभागी झाल्या. विचारलेला प्रश्न एकच होता: डॉक्टरांना धोका जास्त वाटतो, जनुकं कमी सांगतात, अशा बाईला केमो टाळता येईल का? 2016 साली उत्तर आलं. अशा ज्या बायकांना केमो दिली नाही, त्यांच्यातल्या 94.7 टक्क्यांत पाच वर्षांनंतरही कॅन्सर दूर पसरला नव्हता. अमेरिकेत 21 जनुकांच्या ‘ऑन्कोटाइप डीएक्स’ चाचणीवर ‘टेलरएक्स’मध्ये दहा हजारांहून जास्त स्त्रियांनी भाग घेतला; 2018 मध्ये मधल्या गुणांच्या बहुसंख्य स्त्रियांना केमोची गरज नाही असं निघालं. म्हणजे 78 वरून 6,693 वर जायला चौदा वर्षं, अफाट पैसा आणि एका प्रश्नाला चिकटून राहण्याचा हट्ट लागला. तोंडाच्या कॅन्सरमध्ये आपण 82 वरून 222 वर आलो आणि बहुतेक मंडळी पुढच्या नव्या यादीकडे वळली.

नवी यादी बनवणं फार सोपं झालंय, हे त्यामागचं एक कारण. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलसने 2015 साली ‘नेचर’मध्ये डोकं-मानेच्या 279 गाठींचं तपशीलवार चित्र छापलं, पुढे त्या संग्रहातल्या गाठी पाचशेच्या आसपास गेल्या. सगळी माहिती जगाला खुली. हे औदार्य मोठंच आहे. पण त्याचा परिणाम असा की कुणीही लॅपटॉप उघडून संध्याकाळपर्यंत ‘सात जनुकांवरून आयुर्मान’ असा निबंध तयार करू शकतो. आज ऑक्सिजनशी संबंधित जनुकं, उद्या लोहाशी, परवा तांब्याशी. त्याच पाचशे माणसांचं जगणं-मरणं पुन्हा पुन्हा चाळून काढलेल्या या याद्या डझनावारी आहेत, आणि एकीतली जनुकं दुसरीत क्वचितच भेटतात.

हे असं होणारच, आणि ते साध्या अंकगणितावरून कळतं. वीस हजार जनुकं आहेत. शंभरात पाच वेळा निव्वळ योगायोगाने जुळेल एवढी सैल कसोटी लावली तर कशाशीच संबंध नसतानाही हजारेक जनुकं ‘जगण्याशी संबंधित’ म्हणून हात वर करतील. कसोटी कडक करता येते, करतातही. पण रुग्ण शंभर-दोनशे आणि जनुकं वीस हजार ही विषमता कुठे जात नाही. 2006 साली इस्रायलमधल्या संशोधकांनी हिशेब मांडून दाखवलं की कॅन्सरचं भवितव्य सांगणारी स्थिर यादी हवी असेल तर हजारो रुग्णांचे नमुने लागतात. शेकडोंवर काढलेली यादी नमुने थोडे बदलले की बदलते.

2011 मध्ये बेल्जियमच्या डेव्हिड व्हेने आणि सहकाऱ्यांनी याहून खट्याळ काम केलं. स्तनाच्या कॅन्सरच्या माहितीवर त्यांनी कॅन्सरशी काडीचाही संबंध नसलेल्या जनुकयाद्या लावून पाहिल्या. जेवणानंतर हसल्यामुळे रक्तपेशींत होणारे बदल, मार खाल्लेल्या उंदरांच्या मेंदूतले बदल अशा याद्या. त्यासुद्धा बायका किती जगतील हे ‘सांगत’ होत्या! त्यांनी तपासलेल्या 47 छापील याद्यांपैकी निम्म्याहून जास्त याद्या, तेवढीच जनुकं डोळे मिटून उचलली असती तर त्यांच्यापेक्षा फारशा चांगल्या नव्हत्या. कारण असं की वेगाने वाढणाऱ्या गाठीत जनुकांचा फार मोठा भाग एकत्रच वर-खाली होतो; कुठेही बोट ठेवा, ते वाढीच्या वेगावरच पडतं. या निबंधावर मराठीत एखादं खुसखुशीत प्रहसन शोभेल. पण त्यातली गंभीर बाब ही की ‘संबंध सापडला’ या वाक्याची किंमत तिथे शून्यावर आली.

डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये गोंधळाला आणखी एक पदर आहे. 2004 साली अमेरिकेत 60 गाठींवरून या कॅन्सरचे चार जनुकीय उपप्रकार सांगितले गेले, 2013 मध्ये दुसऱ्या मोठ्या संचावर त्यांना दुजोरा मिळाला. त्यातला एक ‘मेसेन्किमल’, म्हणजे आपला पेशीधर्म सोडून पसरायला निघालेला, असा समज होता. मग 2017 साली बॉस्टनच्या सिद्धार्थ पुरम आणि सहकाऱ्यांनी ‘सेल’मध्ये 18 रुग्णांच्या गाठींतल्या सुमारे सहा हजार पेशी एकेक सुट्या करून मोजल्या. तेव्हा कळलं की त्या प्रकाराची ओळख पटवणारी जनुकं मुख्यतः कॅन्सरच्या पेशींची नव्हतीच. गाठीत शेजारी राहणाऱ्या, धागे विणणाऱ्या, स्वतः कॅन्सरच्या नसलेल्या फायब्रोब्लास्ट पेशींची होती. आजवर अख्खी गाठ मिक्सरमधल्या चटणीसारखी वाटून मोजली जात होती. त्यात काय काय पडलंय हे कळतं, पण तिखट कुणाचं ते कळत नाही. पुरम यांना गाठीच्या कडेला, निरोगी भागाला भिडलेल्या पेशींत एक अर्धवट बदललेली अवस्था दिसली, आणि तिचा मानेतल्या प्रसाराशी संबंध होता. म्हणजे बातमी होती, फक्त ती कडेवर होती. बायोप्सीचा चिमटा मधोमध बसला तर ती हातीच लागणार नाही.

या क्षेत्राची नामुष्की झाली ती अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठात. अनिल पोट्टी आणि जोसेफ नेव्हिन्स यांनी 2006 पासून असे दावे केले की गाठीच्या जीन एक्स्प्रेशनवरून कुठली केमो कुणाला लागू पडेल हे सांगता येतं. त्या दाव्यांच्या आधारे खऱ्या रुग्णांवर चाचण्या सुरूही झाल्या. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसनमधल्या कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ते आकडे पुन्हा मांडायला घेतले आणि चक्रावले. तक्त्यात जनुकांची नावं एक ओळ खाली सरकली होती. काही ठिकाणी औषध लागू पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या नमुन्यांची अदलाबदल झाली होती. त्यांचं काम 2009 मध्ये छापून आलं, तरी चाचण्या बंद व्हायला 2010 उजाडलं. पुढे एकामागून एक निबंध मागे घेतले गेले आणि 2015 मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणेने पोट्टींवर संशोधनातल्या गैरवर्तनाचा ठपका ठेवला. एक ओळ सरकलेला तक्ता कुठल्याही ऑफिसात होऊ शकतो. इथे त्या ओळीवरून माणसांच्या शिरेत कुठलं औषध जाणार ते ठरत होतं. बाहेरच्या कुणालातरी सगळे आकडे देऊन ‘काढून दाखव’ म्हणायची सक्ती असती, तर दोन दिवसांत हा प्रकार उघडा पडला असता.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सोडून द्या की हा नाद. ते मला पटत नाही, कारण याच कॅन्सरमध्ये एक भाकीत इतकं पक्कं निघालं की पुस्तकं बदलावी लागली. घशाच्या मागच्या भागातला काही कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. 2010 साली के. कियान आंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की विषाणूवाल्या गाठींचे 82.4 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, बिनविषाणूच्या गाठींचे 57.1 टक्के. अवस्था तीच, उपचार तेच. आज हा फरक ओळखायला बहुतेक ठिकाणी आरएनए मोजत नाहीत. विषाणूमुळे पेशीत पी16 नावाचं प्रथिन साठतं. पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर एक रंग चढवतो, पेशी तपकिरी दिसल्या की झालं. जनुकांच्या अभ्यासाचा गाळ बसून खाली एक स्वस्त रंग उरावा, तो जिल्ह्याच्या लॅबलाही परवडावा, याहून चांगला शेवट मला सुचत नाही.

मात्र त्या यशानेच एक धडाही दिला. हे रुग्ण इतके चांगले जगतात तर त्यांना जहाल सिस्प्लॅटिन कशाला, सौम्य सेटुक्सिमॅब देऊ, असा तर्क झाला. तर्कात कुठे खोट नव्हती. 2018 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. त्यातल्या युरोपीय चाचणीत दोन वर्षांनी सिस्प्लॅटिनवाले 97.5 टक्के हयात होते, सेटुक्सिमॅबवाले 89.4. सौम्य औषधाने माणसं गमावली. कोण जास्त जगेल हे कळणं आणि कुणाचा उपचार कमी करता येईल हे कळणं, या दोन गोष्टींत चाचणीचं एक अख्खं दशक असतं, आणि उडी मारून ते पार होत नाही.

डेन्मार्कच्या मंडळींनी ते दशक प्रामाणिकपणे घालवलं. ऑक्सिजन कमी असलेल्या गाठीवर रेडिएशनचा, आपल्याकडे पेशंट ज्याला ‘शेक’ म्हणतात त्याचा, परिणाम कमी होतो. अशी गाठ 15 जनुकांवरून ओळखता येते, आणि निमोराझोल हे गोळीतलं औषध अशाच रुग्णांना उपयोगी पडतं, असं त्यांना जुन्या साठवलेल्या नमुन्यांत दिसलं होतं. तशाच तर्काने ब्रिटनमध्ये 26 जनुकांची कसोटी घेऊन ‘निमरॅड’ ही चाचणी झाली. निमोराझोलचा फायदा दिसला नाही. ज्यांच्या गाठी जनुकांनी ‘ऑक्सिजन कमी’ म्हणून निवडल्या त्यांच्यातही नाही. हे अपयश मला शंभर नव्या याद्यांपेक्षा मोलाचं वाटतं. प्रश्न आधी लिहिला, यादी आधी गोठवली आणि उत्तर नको ते आलं तरी छापलं.

आता आपल्याकडे येऊ. ग्लोबोकॅनच्या 2020 च्या अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला 1 लाख 35 हजारांवर नवे रुग्ण होतात; पुरुषांत हा सगळ्यांत वर आहे. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मिश्री, सगळीकडे गुटखा. महाराष्ट्राने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली. पुड्या कशा मिळतात हे टपरीवर जाणाऱ्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. चिमूट गालफडात धरून ठेवायची सवय असल्याने आपला कॅन्सर बहुतेकदा गाल आणि हिरडी यांच्या खाचेत उगवतो. त्याआधी कित्येकांचं तोंड वर्षानुवर्षं आखडत आलेलं असतं: आधी तिखट सोसेनासं होतं, मग तीन बोटं तोंडात उभी जात नाहीत. अमेरिकी संग्रहातल्या बहुसंख्य गाठी सिगारेट ओढणाऱ्यांच्या, जिभेच्या, घशाच्या, स्वरयंत्राच्या. सुपारी-तंबाखूच्या खाचेतल्या गाठींना तिथे जवळजवळ प्रतिनिधित्व नाही. त्यांच्यावर बनवलेली यादी आपल्या रुग्णाला लावणं म्हणजे दुसऱ्याच आजाराचं निदान आपल्या केसपेपरवर उतरवणं.

आपल्याकडे काम झालं नाही असं नाही. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचं ॲक्ट्रेक यांनी मिळून गाल-हिरडीच्या कॅन्सरचा म्युटेशनचा नकाशा 2013 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापला. 50 रुग्णांचं सखोल वाचन, आणखी 60 जणांत पडताळणी, आणि त्यात पूर्वी या कॅन्सरमध्ये न दिसलेली काही जनुकं वारंवार बिघडलेली सापडली. तो बिघाडांचा नकाशा होता, भाकिताचा नव्हे. पण आपली गाठ वेगळी आहे हे त्याने दाखवून दिलं.

गाठ वेगळी आहे, हा झाला अर्धाच मुद्दा. गाठीभोवतालचं आयुष्यही वेगळं आहे, आणि भाकिताची किंमत तिथे ठरते. युट्रेख्टची चाचणी ‘स्वच्छ’ म्हणते अशा शंभरांतल्या 11 जणांच्या मानेत कॅन्सर लपलेला असू शकतो. युट्रेख्टमध्ये हा माणूस वेळच्या वेळी बोलावला जाईल, सोनोग्राफी होईल, गाठ मटाराएवढी असताना सापडेल आणि निघेल. तोच माणूस धडगाव किंवा भामरागडचा असला तर? परळला येण्यात त्याची आठवड्याची मजुरी जाते. बरोबर कुणीतरी लागतं, त्याचीही जाते. पेरणीच्या दिवसांत तो येणार नाही, आणि आला तेव्हा गाठ लिंबाएवढी झालेली असेल. जनुकं तीच, 89 टक्के तेच, पण चूक झाली तर एकाला दुसरं ऑपरेशन आणि दुसऱ्याला मरण. चाचणीची अचूकता कुठल्याही निबंधात छापता येते. चुकीची किंमत ज्या त्या गावात काढावी लागते. म्हणूनच आज, इथे, सरसकट मान उघडणं हा मला मागास उपाय वाटत नाही. परत येऊ न शकणाऱ्या माणसासाठी केलेली ती समंजस व्यवस्था आहे.

आणखी एक वापर आहे, तो चाचणी बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. आपल्याकडे भाकीत मागतात ते बहुतेकदा नातेवाईक, तेही पेशंटला बाहेर बसवून. ‘डॉक्टर, खरं काय ते सांगा. शेत विकू का?’ महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे मुख्य उपचार बसतात, पण येणं-जाणं, राहणं, बुडालेली मजुरी, नळीतून द्यायचं खाणं कशातच बसत नाही. अशा घरात ‘जनुकांनुसार धोका जास्त’ असा कागद आला तर त्याचा अर्थ ‘थांबवा’ असा लागेल. समजा, उदाहरणापुरतं, जास्त धोक्याच्या गटातले 40 टक्के पाच वर्षं जगतात आणि कमी धोक्याच्या गटातले 60 टक्के. संख्याशास्त्राला हा फरक दणदणीत वाटतो. पण त्या कागदावर शेत न विकणाऱ्या शंभर घरांपैकी चाळीस घरांनी जगणारा माणूस घालवलेला असेल. उपचार बदलत नसेल तर असा अहवाल रुग्णाच्या फाइलीत लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. संशोधनासाठी मोजा, घरच्यांच्या हातात देऊ नका.

मग जनुकांकडून काय मागावं? जिथे उत्तराने आज हातातली कृती बदलेल तेच. एक जागा मानेची. दुसरी इम्युनोथेरपीची. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी 2023 मध्ये दाखवलं की उलटलेल्या, पुढच्या अवस्थेतल्या रुग्णांना तीन स्वस्त औषधांबरोबर निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम दिलं, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, तर वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर जातं. मात्रा कमी करून औषध आवाक्यात आणण्याची ही कल्पना मला या साऱ्या जनुकशास्त्राहून जास्त धाडसी वाटते. तरीही निम्म्याहून जास्त रुग्ण वर्ष पुरं करत नाहीत. कुणाच्या गाठीत रोगप्रतिकारक पेशी शिरून बसल्यात आणि कुणाच्या बाहेरच अडल्यात, हे जीन एक्स्प्रेशनमध्ये दिसतं. कुणी हे औषध घ्यावं आणि कुणी कर्ज न काढता दुसरं काही घ्यावं, हे त्यावरून ठरू शकलं तर तो खरा उपयोग.

तोवर फुकटात मिळणारी भाकितं तरी वाया घालवू नयेत. गाठ खाली किती खोल गेली, हे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरमध्ये मोजतो. 2017 पासून लागू झालेल्या अवस्था-वर्गीकरणात ही खोली आणि ग्रंथीचं कवच फोडून कॅन्सर बाहेर आलाय का, या दोन्ही गोष्टी धरतात. खोली 5 मिलिमीटरच्या आत आहे की बाहेर, एवढ्यावर अवस्था बदलते. याला लागते एक नीट कापलेली स्लाइड आणि घाई नसलेला माणूस. ऑपरेशननंतरचं रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असा दंडक आहे. मशीनच्या रांगेत तो मोडला की आजार परतण्याचा धोका वाढतो. हा धोका कुठल्याही जनुकात लिहिलेला नाही. रांग मोजायला कॅलेंडर पुरतं, आणि ती कमी करायला सरकार.

जनुकांचं काम करायचं तर त्याची सामग्री आपल्याकडे ढिगाने आहे. तोंडाच्या कॅन्सरची एवढी ऑपरेशनं फार थोड्या देशांत होतात. प्रत्येक गाठीचा एक मेणाचा ब्लॉक बनतो, काड्यापेटीहून लहान, रंगीत प्लास्टिकच्या चौकटीवर बसवलेला, कडेला पेन्सिलीने नंबर घातलेला. आज नातेवाईक हा ब्लॉक साध्या पिशवीत घालून, एक्स-रे आणि आधार कार्डाच्या झेरॉक्सबरोबर, अकोल्याहून परळला आणतात. मेणात आरएनए तुटका का होईना टिकतो आणि त्यातून मोजायची तंत्रं आता उपलब्ध आहेत. मान उघडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या ग्रंथींत काय निघालं ते रिपोर्टमध्ये लिहिलेलंच असतं. म्हणजे भाकीत खरं की खोटं हे सांगायला पाच वर्षं थांबायचीही गरज नाही, ऑपरेशननंतरचा अहवाल आला की उत्तर हातात. दोन-चार मोठ्या केंद्रांनी मिळून गाल-हिरडीच्या, मान स्वच्छ वाटणाऱ्या दोनेक हजार रुग्णांचे ब्लॉक एकाच पद्धतीने जपले, जनुकांची यादी आणि कटऑफ आधी बंद पाकिटात ठेवले आणि मोजणी अशा लॅबकडे दिली जिला ग्रंथींचा निकाल ठाऊक नाही, तर हा वाद मिटवता येईल. कटऑफ ठरवताना शंभरांत किती सुटलेले चालतील हा आकडा फक्त सर्जनांनी ठरवू नये; ऑपरेशन झालेल्या रुग्णांना आणि ज्यांना फॉलोअपला येणं जमलं नाही अशांच्या घरच्यांना त्या खोलीत बसवावं. आणि खोली मिलिमीटरमध्ये मोजण्याहून जनुकं सरस ठरली नाहीत, तर ब्रिटिश मंडळींनी निमोराझोलचं छापलं तसं तेही छापून मोकळं व्हावं.